धंतोलीतल्या रेडिऑलॉजिस्ट मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

रेडिऑलॉजिस्टला सहसा कोणी पत्र लिहीत नाही. पेशंटला मशीनमध्ये सरकवणारा टेक्निशियन दिसतो, काउंटरवर फाइल देणारी मुलगी दिसते; रिपोर्ट वाचणारे डॉक्टर मात्र सहीपुरतेच. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितो आहे.

बाबांचं इतवारीत किराणा दुकान. हात मांडीवर असला की शांत, पुडीला दोरा बांधायला घेतला की थरथर. इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे काम करताना हात कापण्याचा आजार. बाजारात कित्येकांना वाटायचं, शेटजी घेतात. (थोड्या दारूने हा कंप बऱ्याच जणांत तेवढ्यापुरता कमीच होतो, पण माळकरी माणसाला हे सांगायचं कसं?) गोळ्यांनी भागेना, तेव्हा दुसऱ्या शहरात जाऊन फोकस्ड अल्ट्रासाउंडने थॅलॅमोटॉमी केली. कवटी उघडायची नाही. एमआरआयमध्येच ध्वनिलहरी एका जागी एकवटून डाव्या थॅलॅमसमधल्या (मेंदूत खोलवर असलेलं, निरोप पुढे पोचवणारं ठाणं) व्हीआयएम नावाच्या केंद्रकाचा, म्हणजे पेशींच्या पुंजक्याचा, छोटासा भाग तापवून निकामी करायचा. उजवा हात तिथेच, टेबलावरच थांबला. आम्ही पेढे वाटले.

नागपूरला आलो आणि चाल बिघडली. बाबा उजवीकडे झोकांड्या खात, ओठांना आणि बोटांना मुंग्या. शेजारपाजारच्यांनी लकवा ठरवून टाकला. तिकडच्या डॉक्टरांनी फोनवर एमआरआय करायला सांगितलं, म्हणून तुमच्याकडे आलो. पहिल्या दिवशी जो ठिपका वाटाण्याएवढा होता, त्याच्याभोवती आता मोठा पांढुरका डाग. माझ्या मनात एकच: जखम पसरते आहे.

तुम्ही आम्हाला आत बोलावलंत, जुनी सीडी लावलीत आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवलीत. मधला भाग म्हणजे जळालेली जखम, ती तेवढीच आहे. भोवतीचं पांढरं म्हणजे सूज, पाणी. ती पहिल्या काही दिवसांत वाढते, मग काही आठवड्यांत ओसरते. मागच्या बाजूला संवेदनेचं केंद्रक आहे, तिथे सूज टेकली की मुंग्या. बाहेरच्या बाजूने हातापायांच्या हालचालीचे तंतू उतरतात, तिथे गेली की अशक्तपणा. बाबांच्या तक्रारी पडद्यावर अशा जागच्या जागी दाखवल्यावर माझी भीती निम्मी झाली.

बाबांचा प्रश्न वेगळाच होता. "काहो मॅडम, हात उजवा हालते अन् जखम डावीकडे, हे कसं होऊन राहिलं?" बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी तुम्ही तंतूंचा रंगीत नकाशा उघडलात. उजव्या लहान मेंदूतून निघालेली वाट मध्ये ओलांडून डाव्या थॅलॅमसला जाते, तिथून डाव्या मेंदूच्या हालचालीच्या भागात, आणि उतरताना पुन्हा ओलांडून उजव्या हाताकडे. कंपाचा बिघडलेला ठेका याच वाटेवरून फिरतो, म्हणून ती वाट थॅलॅमसपाशी तोडली. बाबांनी ते दुकानातल्या हिशेबाच्या वहीत काढून ठेवलं आहे, आता गिऱ्हाइकांनाही समजावतात. मूळ कामापेक्षा जास्त वेळ यातच जातो.

औषधाचं विचारलं तेव्हा तुम्ही स्वतः काही सुचवलं नाहीत. चित्रं तिकडच्या डॉक्टरांना पाठवलीत, त्यांच्याशी बोललात. स्टेरॉइडचा निर्णय त्यांचा. आपली हद्द ओळखून केलेली ही मदत मला सगळ्यात मोलाची वाटली.

काही महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये सूज गेली होती आणि जखमही आक्रसून बारीक खूण उरली होती. मी पुन्हा घाबरलो: खूण गेली, मग कंप परत येणार? तुम्ही म्हणालात, खूण लहान होणं अपेक्षितच आहे, परिणाम ठरवायचा तो हात बघून. काहींचा कंप कालांतराने थोडा परततो हेही लपवलं नाहीत. चाल आता ठीक आहे, बोटाच्या टोकाला किंचित मुंग्या आहेत. पुड्या बांधून होतात.

आता बाबांना डाव्या हाताचंही करायचं आहे. दोन्ही बाजू केल्या तर बोलणं, गिळणं आणि तोल यांचा धोका वाढतो, हे मी सांगितलं तर पटत नाही. तुमच्याकडून ऐकायचं म्हणतात. येत्या आठवड्यात घेऊन येतो. फीचा पेशंट म्हणूनच येऊ, मागच्यासारखं "राहू द्या" म्हणू नका.

आपला,
इतवारीतल्या किराणावाल्यांचा मुलगा