आरोग्यमंत्री साहेब, काचबिंदूचं ऑपरेशन टेबलावर संपत नाही

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

आधीच सांगतो, हे पत्र मोतीबिंदूचं नाही. डोळ्यांचा विषय निघाला की लगेच शिबिरांचे आकडे पुढे येतात, आणि ते काम मोठंच आहे, कोण नाही म्हणतंय, १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, आपल्याकडे मोतीबिंदूमुक्त महाराष्ट्राची मोहीम झाली, कितीतरी म्हाताऱ्या माणसांना परत दिसायला लागलं. पण त्यातून एक सवय लागलीये सगळ्यांना. डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे गाडीत बसवून न्यायचं, लेन्स टाकायची, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून काळा चष्मा लावून घरी. काचबिंदू, म्हणजे बहुतेकदा डोळ्यातलं प्रेशर वाढून डोळ्याची नस मरत जाते तो आजार, ह्यात बसत नाही. पेशंटला मात्र ह्याच रांगेत उभं करतात.

माझ्या आत्याला एका डोळ्याने कडेचं दिसेनासं झालं तेव्हा शेजारपाजारचे सगळे म्हणाले मोती आहे, पिकू दे, मग काढू. मोतीबिंदूत थांबलात तर बिघडत नाही फारसं, काचबिंदूत थांबलात तर डोळ्याची नस मरते आणि मेलेली नस कुठलंच ऑपरेशन परत आणत नाही. देशात चाळिशीच्या पुढचे साधारण १ कोटी १२ लाख लोक काचबिंदूचे असावेत असा अंदाज आहे आणि त्यातल्या बहुतेकांना ते माहीतच नाही, आत्या त्यातलीच. कळलं तोवर डोळ्यातलं प्रेशर २१ च्या खूप वर, साधारण तिथवर ठीक मानतात. मग ड्रॉप, एकाचे दोन, दोनाचे तीन, वर प्रेशर उतरवायच्या डायमॉक्सच्या गोळ्या, त्याने हातापायाला मुंग्या. तरी प्रेशर खाली येईना म्हणून डॉक्टर म्हणाले ट्रॅब करावं लागेल.

ट्रॅब म्हणजे ट्रॅबेक्युलेक्टॉमी. १९६८ मध्ये इंग्लंडच्या केर्न्स नावाच्या सर्जनने हे मांडलं आणि मूळ कल्पना आजही तीच. डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक झडप करायची, आतलं तुंबलेलं पाणी तिथून वरच्या पातळ पडद्याखाली येऊ द्यायचं, तिथे छोटा फुगा तयार होतो, वरच्या पापणीखाली झाकलेला, त्याला ब्लेब म्हणतात. ते पाणी तिथून हळूहळू शोषलं जातं आणि प्रेशर उतरतं. ऐकायला सोपंय. पण शरीराला काय माहीत की ही वाट मुद्दाम काढलीये, त्याच्या लेखी ती जखमच, आणि जखम भरायची हा त्याचा धर्म. शेतात तुंबलेलं पाणी काढायला बांध फोडावा आणि गाळाने तो परत बुजावा तसं होतं, आतल्या पेशी व्रण धरतात, वाट बंद, प्रेशर पुन्हा वर. बाकी कुठल्याही ऑपरेशननंतर जखम छान भरली की आपण पेढे वाटतो, इथे छान भरली म्हणजे ऑपरेशन गेलं.

ह्यावरच औषध आहे साहेब. मायटोमायसिन सी, डॉक्टर लोक एमएमसी म्हणतात. जपानमध्ये १९५० च्या दशकात एका जिवाणूपासून मिळालं, कॅन्सरसाठी वापरायला लागले, आणि १९८३ मध्ये तैवानच्या चेन नावाच्या डॉक्टरने काचबिंदूच्या ऑपरेशनात वापरून दाखवलं. जांभळट पाणी असतं. स्पंजचे बारीक तुकडे त्यात भिजवून पडद्याखाली दोन-तीन मिनिटं ठेवायचे, काढायचे, सलाइनने भरपूर धुवायचं. तेवढ्याने तिथल्या व्रण करणाऱ्या पेशी थंड पडतात. २ मिलिग्रॅमची व्हायल १० मिलीमध्ये विरघळवली तर ०.२ मिलिग्रॅम प्रति मिली, ५ मिलीमध्ये केली तर ०.४, कुठल्या डोळ्याला किती आणि किती वेळ ते सर्जन ठरवतो.

आता आमचं काय झालं ऐका. सरकारी दवाखान्यात (नाव घेत नाही, तिथल्या माणसांवर राग नाही) सर्जन चांगले होते, शिकलेले, त्यांना एमएमसी वापरायचंच होतं. स्टोअरवाले म्हणाले ते कॅन्सरचं औषध आहे, डोळ्याच्या विभागाच्या मागणीत येत नाही, बाहेरून आणा. गावातल्या मेडिकलवाल्याने नावच ऐकलेलं नाही. दुसऱ्याकडे १० मिलिग्रॅमची व्हायल होती, कॅन्सरच्या डोसाची, म्हणजे एका डोळ्यासाठी थेंबभर वापरायचं आणि उरलेलं टाकायचं, कारण एकदा पाणी घातलं की हे फार टिकत नाही. आणि टाकायचं तरी कुठे, हे पेशींवर विष म्हणून काम करणारं औषध, २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत त्याला पिवळा डबा आणि वेगळं लेबल सांगितलंय, बेसिनमध्ये ओतायची गोष्ट नाही ही. शेवटी २ मिलिग्रॅमची व्हायल जिल्ह्याबाहेरून आणली, काहीशे रुपयांची. पैशाने अडलं नव्हतंच, कागदावर ते औषध कुठल्या खान्यात लिहिलंय त्याने अडलं होतं.

हे काही परदेशी लाड नाहीत बरं का. ब्रिटनमध्ये २७ हॉस्पिटलांत ४५३ पेशंट घेऊन अभ्यास झाला, पहिल्यांदा कळलं तेव्हाच काचबिंदू खूप पुढे गेलेला अशा लोकांचा, निम्म्यांना थेंब, निम्म्यांना एमएमसी लावून ट्रॅब. २०२१ मध्ये छापून आलं. दोन वर्षांनी थेंबवाल्यांचं प्रेशर सरासरी १५ च्या आसपास, ऑपरेशनवाल्यांचं १२ च्या आसपास. त्यानंतर २०२२ मध्ये तिथल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतच आलं की उशिरा सापडलेल्या पेशंटला हे ऑपरेशन सुचवा. आणि उशिरा सापडणं तर आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. महिन्याच्या महिन्याला तीन बाटल्या विकत घेणं आणि आयुष्यभर टायमावर टाकणं हे ज्याला जमत नाही त्याला ऑपरेशनचा फायदा जास्त, असं मला तरी वाटतं.

पण एमएमसी सरसकट वाटा असं मी म्हणत नाहीये. जास्त झालं तर ब्लेबची भिंत कागदासारखी पातळ होते, गळते, प्रेशर एवढं उतरतं की उलट नजर अंधुक होते, आणि इन्फेक्शन तर वर्षांनंतरही होऊ शकतं. म्हणून माझं मुख्य म्हणणं औषधाच्या पुढचं आहे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत खरा खेळ असतो. प्रेशर चढलं तर लेझरने झडपेचा एखादा टाका सोडायचा, फुगा बसायला लागला तर सुईने मोकळा करायचा, गरज पडली तर व्रण रोखणाऱ्या ५-एफयू औषधाचं इंजेक्शन (तेही कॅन्सरचंच, तेही स्टोअरमध्ये नसतं). हे वेळेवर झालं तर ट्रॅब चालतं. पेशंट आलाच नाही तर एमएमसी लावूनही वाट बुजू शकते.

आणि पेशंट का येत नाही? कारण मोतीबिंदूला आणायला गाडी येते, ह्याला येत नाही. बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढे फुकट आहे, हे चांगलंच केलंत तुमच्या सरकारने, पण डोळ्याला पट्टी लावलेली बाई एकटी जाणार कशी, सोबतच्याला पूर्ण तिकीट आणि दिवसाची मजुरी बुडते ती वेगळी. पहिल्या आठवड्यात दुखत नाही म्हणून लोक म्हणतात बरंय, कशाला जायचं. कोणी फोन करून बोलावतही नाही. त्यात जिल्हा रुग्णालय तुमच्या खात्याचं, मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षणवाल्यांचं, एकीकडे ऑपरेशन झालं आणि तपासणी दुसरीकडे करायची तर कागद पेशंटनेच पिशवीत घेऊन फिरायचे, फाइल काही त्याच्यामागे जात नाही.

तर मागतोय ते एवढंच. २०२३ मध्ये कायदा करून औषधखरेदीचं वेगळं प्राधिकरण केलंत, त्यांच्या यादीत नेत्र विभागाच्या नावाने एमएमसीची २ मिलिग्रॅमची व्हायल आणि ५-एफयू टाका, जिथे काचबिंदूचा सर्जन आहे तिथेच पाठवा. महात्मा फुले योजनेच्या पॅकेजमध्ये ऑपरेशननंतरच्या तपासण्या, टाका सोडणं, सुई मारणं हे ऑपरेशनचाच भाग धरा, आणि पैशाचा शेवटचा हप्ता हॉस्पिटलला पेशंट तीन महिन्यांनी तपासला गेल्यावर द्या, बघा मग फोन येतात का नाही. सोबत येणाऱ्या एका माणसाचं एसटी भाडं द्या. आशाताईंकडे मोतीबिंदूची यादी असते तशी ट्रॅब झालेल्यांची यादी द्या, आणि प्रत्येक पेशंटला मराठीत मोठ्या अक्षरात एक कार्ड द्या, डोळा लाल झाला, चिकट यायला लागला, दुखला, तर त्याच दिवशी यायचं, मग ऑपरेशनला दहा वर्षं का झालेली असेनात. मार्चमध्ये काचबिंदू सप्ताहाला रॅली निघते, बॅनर लागतात, त्यातला एखादा बॅनर कमी करून ही कार्डं छापली तरी चालेल.

आपला,
काचबिंदूच्या एका पेशंटचा भाचा, मराठवाडा

ता. क. : डोळ्याला खाज आली की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडचे थेंब मिळतात आणि लोक ते महिनोन्‌महिने घालतात, लहान पोरांनासुद्धा, त्यानेही प्रेशर वाढून काचबिंदू होतो. औषध प्रशासन वेगळ्या खात्याकडे आहे हे माहितीये, पण कॅबिनेटला तुम्ही एकाच टेबलाशी बसता, तेवढं त्यांच्या कानावर घाला.