कॅमेऱ्याच्या कोटेशनमध्ये दिवस आणि फूट लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डोंबिवली पूर्वेला आमची ३८ बिऱ्हाडांची सोसायटी आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी तिची सचिव आहे. सीसीटीव्हीच्या भाषेबद्दल हे पत्र लिहिते आहे, कारण ती न कळल्यामुळे आमचं नुकसान झालं आणि आसपासच्या सोसायट्यांमध्येही मला तेच होताना दिसतं आहे.

गेल्या गणपतीत दुसऱ्या मजल्यावरचं कुटुंब सावंतवाडीकडे गावी गेलं होतं. नऊ दिवसांनी परत आले, तर पार्किंगमधली स्कूटर गायब. आमच्याकडे आठ कॅमेरे, त्यांचं चित्र साठवणारं यंत्र म्हणजे आठ चॅनलचा (आठ कॅमेरे जोडता येणारा) डीव्हीआर आणि एक टीबीची हार्डडिस्क. "महिनाभराचं रेकॉर्डिंग आरामात राहतं ताई," असं बसवणाऱ्याने सर्वसाधारण सभेत सगळ्यांसमोर सांगितलं होतं आणि मी ते इतिवृत्तात लिहूनही घेतलं होतं. आम्ही डीव्हीआरसमोर बसलो आणि एकेक दिवस मागे जात राहिलो. सहाव्या दिवसाच्या मागची तारीखच निवडता येईना. जे सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग सापडलं, त्याच्या पहिल्याच चित्रात खांबाशेजारची जागा रिकामी होती. स्कूटर रोज जिथे उभी असायची तिथला ऑइलचा डाग तेवढा दिसत होता. त्या घरातल्या काकू बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिल्या. त्यांच्या मुलीच्या पहिल्या पगाराची ती स्कूटर होती.

डिस्क भरली की डीव्हीआर सगळ्यात जुन्या रेकॉर्डिंगवर नवं लिहितो. याला ओव्हरराइट म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. मग मी हिशेबाला बसले. सेटिंगमध्ये प्रत्येक कॅमेऱ्यापुढे 'बिटरेट' असतो, म्हणजे त्या कॅमेऱ्याची सेकंदाला किती माहिती साठते तो आकडा. आमचा सेकंदाला २ मेगाबिट होता. डिस्कचं माप मात्र बाइटमध्ये असतं आणि आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून आधी आठने भागायचं. दिवसाचे ८६,४०० सेकंद. एका कॅमेऱ्याला दिवसाला साधारण २१.६ जीबी लागतात, आठ कॅमेऱ्यांना जवळपास १७३ जीबी. एक टीबी म्हणजे १,००० जीबी. भागाकार करा, सहा दिवसही भरत नाहीत. महिनाभर ठेवायचं तर ५,१८४ जीबी हवेत, म्हणजे सहा टीबीची डिस्क. हा गुणाकार-भागाकार सातवीतला मुलगा करेल. पण बिटरेट हा आकडा कोटेशनमध्ये नव्हताच, त्यामुळे तो करायचा असतो हेच आम्हा कोणाला माहीत नव्हतं. बसवणाऱ्याला नंतर विचारलं, तर म्हणाला, "मोशनवर ठेवलं की महिना जातो." मोशन म्हणजे हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग. आमच्या गेटवर गुलमोहर आहे, पावसाळ्यात रात्री दिव्याभोवती किडे असतात. तिथे हालचाल थांबते कधी?

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांबद्दल आदेश दिला. त्यात रेकॉर्डिंग शक्यतो १८ महिने, निदान वर्षभर तरी टिकलं पाहिजे असं म्हटलं आहे. नुसता 'कॅमेरे बसवा' एवढाच आदेश निघाला असता, तर त्याचं काय झालं असतं हे आता मला समजतं.

दुसरा धडा डिसेंबरात मिळाला. आमच्या एका रिक्षावाल्या सभासदाची बॅटरी पहाटे कोणीतरी काढून नेली. सकाळीच कळल्यामुळे या वेळी रेकॉर्डिंग होतं. माणूस आला, वाकला, बॅटरी काढली आणि जाताना मान वर करून सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं. आम्ही चित्र थांबवलं. "झूम करा," सगळे एकदम म्हणाले. झूम केल्यावर चेहऱ्याच्या जागी राखाडी चौकोन दिसले.

असं का झालं, ते समजून घ्यायला मला दोन आठवडे लागले. कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा, म्हणजे त्याचं चित्र आडवं १,९२० आणि उभं १,०८० टिंबांचं. पण डीव्हीआर स्वस्तातला. त्याच्या सेटिंगमध्ये '१०८० पी लाइट' असं लिहिलं होतं. लाइट म्हणजे आडवी टिंबं निम्मी, फक्त ९६०. थेट पडद्यावर चित्र छान दिसायचं, साठवलं जायचं ते अर्धं. शिवाय आमच्याकडची लेन्स २.८ मिलिमीटरची. लेन्सचा आकडा जितका लहान, तितकी ती रुंद बघते. 'एकाच कॅमेऱ्यात अख्खं पार्किंग येतं' म्हणून आम्हीच ती पसंत केली होती. बॅटरी गेली त्या जागी कॅमेऱ्याला साधारण ४० फूट, म्हणजे १२ मीटर रुंदी दिसते. ९६० टिंबं १२ मीटरवर पसरली की एका मीटरला ८० येतात. माणसाच्या चेहऱ्याची रुंदी वीतभरही नसते. त्याच्या वाट्याला बारा-तेरा टिंबं आली. कुठलंही ॲप किंवा कुठलाही तज्ज्ञ त्यातून चेहरा काढू शकत नाही, कारण तो टिपलाच गेलेला नाही.

याचे आकडे २०१४ च्या एका आंतरराष्ट्रीय मानकात दिले होते. कोणीतरी आहे एवढंच कळायला मीटरला २५ टिंबं पुरतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०. हे तीन आकडे प्रत्येक सोसायटीच्या कार्यालयात भिंतीवर लावावेत इतके कामाचे आहेत. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा पूर्ण ताकदीने चालला, तरी ओळख पटण्यासाठी चित्राची रुंदी साडेसात मीटरच्या आसपासच हवी. अख्खं पार्किंग एका कॅमेऱ्यात घ्यायचं आणि चेहराही हवा, हे दोन्ही त्याच्याकडून होत नाही. गेटवर सहा मिलिमीटरची लेन्स लावली तर ती कमी रुंदी बघते, पण माणूस दिसतो. आणि 'नाइट व्हिजन'मध्ये गाडीची नंबरप्लेट वाचता येईल असंही धरून चालू नका. कॅमेऱ्याचा अदृश्य प्रकाश प्लेटच्या चकाकत्या पत्र्यावरून परततो आणि प्लेट नुसती पांढरी दिसते.

पोलिसांना फुटेज द्यायची वेळ आली, तेव्हा आमच्या एका सभासदाने पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून तोच पाठवला. सगळीकडे असंच करतात. हवालदारांनी समजुतीने सांगितलं की डीव्हीआरमधूनच पेनड्राइव्हवर कॉपी काढा आणि ती कुठल्या यंत्रातून, कशी काढली याचं प्रमाणपत्र सोबत द्या. शिवाय आमचं घड्याळ १७ मिनिटं पुढे होतं, तेही लेखी द्यावं लागलं. या प्रमाणपत्राचा विषय महाराष्ट्राला नवा नाही. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावर येऊन ठेपला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२० च्या अर्जुन खोतकर निकालात मूळ यंत्र हजर केलेलं नसेल तर प्रमाणपत्र सक्तीचंच, असं ठरलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ते दोन भागांचं झालं आहे. एक भाग यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची 'हॅश व्हॅल्यू' लिहावी लागते. हा फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी ठसा बदलतो.

माझं म्हणणं बसवणाऱ्या मुलांविरुद्ध नाही. ते दिवसभर शिडीवर असतात, आणि सोसायट्या सगळ्यात कमी आकडा बघूनच काम देतात. आम्हीही तेच केलं होतं. पण कोटेशनमध्ये '२ एमपी, ८ चॅनल, १ टीबी' एवढंच लिहिलेलं असेल, तर सही करणाऱ्याला त्यातून काय मिळणार ते कळत नाही. गृहनिर्माण सोसायट्यांच्या महासंघांनी मराठीत एक साधा नमुना तयार करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. सगळे कॅमेरे चोवीस तास चालू असताना रेकॉर्डिंग किती दिवस राहील. प्रत्येक कॅमेऱ्यापासून किती फुटांपर्यंत अनोळखी माणसाचा चेहरा ओळखता येईल. साठवलेलं चित्र पूर्ण की लाइट. घड्याळ कोण आणि कधी तपासणार. कॉपी काढायला कोण शिकवणार. एवढं त्यात असावं आणि खाली पुरवठादाराची सही. त्यासाठी जड प्रतिशब्द नकोत. डीव्हीआरला डीव्हीआरच म्हणू, पण तो काय करतो ते आपल्या भाषेत लिहू. आपल्या दैनिकानेही घराच्या पुरवणीत हे शब्द आठवड्याला एक-दोन समजावून दिले, तर माझ्यासारख्या अनेक सचिवांचे कष्ट वाचतील.

आम्ही गेल्या महिन्यात नव्याने कोटेशन मागवली आणि हे प्रश्न लिहून दिले. तिघांपैकी दोघे परत आले नाहीत. तिसरा मुलगा संध्याकाळी आला, वॉचमनला गेटपाशी उभं केलं, टेप धरून अंतर मोजलं, मोबाइलवर चित्र थांबवून मला दाखवलं आणि तिथेच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं : 'गेट कॅमेरा, ६ एमएम, २० फुटांपर्यंत चेहरा ओळखता येईल. ८ कॅमेरे, पूर्ण १०८०, ३० दिवस.' खाली सही आणि तारीख. खर्चाचा आकडा आधीच्यापेक्षा बराच मोठा आहे. येत्या रविवारच्या सभेत मी तो कागद मंजुरीसाठी ठेवते आहे.

आपली नम्र,
एका गृहनिर्माण सोसायटीची सचिव,
डोंबिवली (पूर्व)