भाऊंचं विसरणं

फोंडा

प्रिय सुहास,

चवथीआधी आलेलं तुझं पत्र अजून उत्तराविना पडलंय. शिव्या भेटीत दे. माझी तब्येत ठीक.

भाऊंनी यंदा माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना हातातलाच सुपारीचा घड दोनदा मागितला. लगेच 'वय झालं' म्हणू नकोस, आणि बदाम तर मुळीच पाठवू नकोस! बारा वर्षं मधुमेहाचं मेटफॉर्मिन, जळजळीसाठी रोज ओमेप्राझोल, आणि माई गेल्यापासून मासळी बंद. तिन्हींचा रोख एकाच ठिकाणी, बी१२ जीवनसत्त्वावर. मेटफॉर्मिन ते आतड्यात नीट शोषू देत नाही. अन्नातून ते सुटं व्हायला लागणारं आम्ल ओमेप्राझोल कमी करतं. आणि भाजीभातात ते नसतंच. घटलं की विसर, तळपायांना मुंग्या, चालताना तोल जाणं. वेळेत सापडलं तर बरंचसं भरून निघतं.

तेव्हा बी१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासून घे. तपासणीआधी टॉनिक नको, नाहीतर आकडा फसवतो. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड तर नकोच: रक्त सुधारतं, नसा मात्र बिघडत राहतात. आकडा काठावर आला तर डॉक्टरांना खात्री करणाऱ्या दुसऱ्या तपासणीबद्दल, म्हणजे मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडबद्दल विचार. मेटफॉर्मिन मनाने बंद करू नकोस. साखर चढली तर मेंदूलाच भोवेल.

पेजेवरून आपलं जुनं भांडण आहेच. तुझ्या पांढऱ्याशुभ्र सुरय तांदळापेक्षा उकडा तांदूळ बरा, उकडताना कोंड्यातलं बी१ जीवनसत्त्व दाण्यात मुरतं. आणि पेजेत पाणी ओतून देत नाहीत. वाईट ते सोबतचं तोरांचं (कैऱ्यांचं) लोणचं. दिवसाचं मीठ सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. भाऊंच्या दोन फोडींतच त्यातलं बरंच संपत असेल.

रक्तदाब घरीच मोज: पाच मिनिटं गप्प बसवून, पाठ टेकवून, हात छातीच्या पातळीवर, मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. 'गप्प' हे भाऊंना कोण सांगणार, ते तू बघ.

कानही तपास. लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत. त्यांत रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा आहे, तसं कमी ऐकू येणंही. घडाचं उत्तर त्यांना ऐकूच आलं नसेल तर?

लेकीच्या बारावीचं कळव. हप्त्यांचं वाचलं, फोनवर बोलू.

जुने रिपोर्ट माईंच्या कपाटात, साड्यांखालच्या पिशवीत असतील. तेवढे काढून ठेव.

तुझा,
दिलीप