गुलाम नव्हे, करारबद्ध चाकर

महोदय,

रविवारच्या पुरवणीत वसाहतकालीन अमेरिकेतल्या आयरिश करारबद्ध चाकरांना (बोटीच्या भाड्याच्या बदल्यात ठरावीक वर्षे राबणाऱ्यांना) सरसकट ‘गुलाम’ म्हटले आहे. ते चूक. साधारण ४ ते ७ वर्षांचा करार संपला की ते सुटत. आफ्रिकी गुलामांची पोरे मात्र गुलामच जन्मत.

चाकर पळाले तर खैर नव्हती. मेरीलँडमध्ये एका दिवसाच्या गैरहजेरीला १० दिवस जादा चाकरी!

मी जन्मभर कंपोझिटर, म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणारा; ‘हरवले आहेत’च्या जाहिराती असंख्य वेळा जुळवल्या. त्या काळच्या ‘पेन्सिल्व्हेनिया गॅझेट’ या वृत्तपत्रातल्या फरारी चाकरांच्या जाहिराती तशाच: देवीचे व्रण, कोटाचा रंग, बोलण्यातला आयरिश हेल, शेवटी बक्षीस. त्या छापणारा बेंजामिन फ्रँकलिन स्वतः १७२३मध्ये भावाच्या छापखान्यातली कराराने बांधलेली शिकाऊ उमेदवारी अर्धवट टाकून बॉस्टनहून पळालेला, हे विशेष.

– एक निवृत्त कंपोझिटर, सातारा