तासगावच्या घरी, सॅक्रमेंटोहून

सॅक्रमेंटो,
सप्टेंबर अखेर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

मी मजेत आहे. नोकरी, जेवणखाण, झोप सगळं नेहमीसारखं चालू आहे, त्यामुळे त्यावर कागद घालवत नाही. हातात लाल वाईनचा ग्लास असलेला माझा फोटो दादाच्या मोबाइलवरून काकूंपर्यंत पोचला आणि तिथून विषय वाढला, हे आईच्या फोनवरच्या आवाजावरून कळलं. म्हणून आधी तेच सांगते. मी दारू प्यायला लागलेली नाही. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर दिवसभरासाठी वाईनच्या भागात गेले होते, आणि गेले तेही दादाने विचारलं होतं म्हणून. अर्धा एकर वाईनच्या द्राक्षाला द्यायचं त्याच्या मनात आहे, तर इटलीच्या जाती इथल्या उन्हात कशा येतात हे त्याला हवं होतं.

या चाखण्याच्या जागी एक पद्धत आहे ती नीट समजावते, कारण फोटोत ती दिसत नाही. काउंटरवर प्रत्येकासमोर किंवा दोघांत एक अशी उंच बादली ठेवलेली असते. एका वाईनचे साधारण ३० मिली ग्लासात ओततात. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग बघायचा, गोल फिरवून वास घ्यायचा, मग छोटा घोट तोंडात सगळीकडे खेळवायचा आणि तो बादलीत थुंकायचा. ग्लासात उरलेलंही तिथेच ओतायचं. पैसे देऊन घेतलेली वस्तू लोक थुंकून टाकतात हे बघून पहिल्यांदा मलाही काही उमगेना, पण त्यामागे साधा हिशोब आहे. एका ठिकाणी ५ वाईन म्हणजे १५० मिली, एक पूर्ण ग्लास. दिवसात तीन ठिकाणं केली आणि सगळं गिळलं, तर तीन ग्लास पोटात जातात आणि दुसऱ्या ठिकाणापासूनच जीभ काही सांगेनाशी होते. थुंकलं तर संध्याकाळपर्यंत चव कळते. ओतणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही, उलट हा माणूस घ्यायला आला आहे असं तो समजतो. तोंड पुढे काढून, ओठ आवळून एका बारीक धारेत थुंकावं लागतं, नाहीतर उडतं. म्हणून फिकट कपडे घालून जात नाहीत. अत्तरही लावत नाहीत, शेजारच्याचा वास बिघडतो. गाडी चालवणारी तर चाखतही नाही. इथे रक्तात ०.०८ टक्के अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे आणि उघडलेली बाटली गाडीत पुढे ठेवता येत नाही, डिकीत ठेवावी लागते. तेव्हा त्या बाबतीत निर्धास्त राहा.

आता दादाच्या प्रश्नाकडे. इटालियन जाती शोधायच्या तर सगळे जातात त्या नापाला जाऊन फारसं हाती लागत नाही. तिथली जमीन इतकी महाग की कॅबरने सोव्हिन्यॉन या फ्रेंच जातीखेरीज दुसरं परवडणं कठीण. १९८० च्या दशकात इटलीच्या अँटिनोरी घराण्याने तिथल्या अ‍ॅटलस पीकच्या डोंगरावर सांजोव्हेसे ही इटलीची लाल वाईनची जात लावली होती, पुढे तिथेही कॅबरनेच वाढली. इटालियन जातींसाठी दोन वाटा चांगल्या. एक सोनोमा. अ‍ॅस्टी नावाच्या गावात १८८१ साली इटालियन स्विस कॉलनी नावाची द्राक्ष-वाईनची वसाहत निघाली, तिथे उत्तर इटलीतून आलेली माणसं कामाला लागली आणि त्यांनी आपल्या जाती लावल्या. सेगेसियो घराण्याची सांजोव्हेसेची बाग १९१० च्या सुमाराची आहे. तिथून जवळच ड्राय क्रीकमध्ये पेड्रोनचेली वाइनरी १९२७ पासून आहे, आणि उंटी वाइनरीकडे बार्बेरा, सांजोव्हेसे, मोंतेपुल्चानो या तिन्ही इटालियन जातींच्या वाईन मिळतात. दुसरी वाट सॅक्रमेंटोच्या पूर्वेला, सिएरा डोंगराच्या पायथ्याला अ‍ॅमाडोर जिल्ह्यात, प्लिमथ गावाजवळच्या शेनँडोआ व्हॅलीत. आम्ही तिकडेच गेलो. व्हिनो नोचेतोवाल्यांचा सगळा भर सांजोव्हेसेवर आहे आणि आसपासच्या बहुतेक वाइनऱ्यांकडे बार्बेरा असतेच. फीसुद्धा बेताची, दहा-वीस डॉलर, आणि बाटली घेतली की बहुधा माफ.

बाबा, ही जमीन तुम्हाला आवडली असती. कुजलेल्या ग्रॅनाइटचा मुरूम, पाणी थांबत नाही, वेल बेताने वाढतो. दिवसा ऊन ३५ अंशांच्या पुढे, पण रात्री डोंगरावरून गार वारा उतरतो. उन्हाने द्राक्षातली आंबटी जळते हे तुम्हाला सांगायला नको. बार्बेराची गंमत अशी की ती मुळातच इतकी आंबट की एवढ्या उन्हातही तिच्यात पुरेशी आंबटी उरते. म्हणून उष्ण भागात ती चालते. रंग गडद जांभळा, तुरटपणा जवळजवळ नाही. सांजोव्हेसे वेगळी. रंगाला फिकी, आंबट आणि तुरट दोन्ही, आणि वेल असा जोमाचा की मोकळा सोडला तर घडांनी लगडतो. मग वाईन पाण्यासारखी होते. चाखताना सांजोव्हेसे पातळ लागली तर दोष बहुधा वाइनरीत नसतो, बागेत असतो.

आपण विरळणी करतो ती मणी मोठा व्हावा म्हणून. जीएमध्ये, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक अ‍ॅसिडच्या पाण्यात, घड बुडवतो तेही त्यासाठीच. इथे सगळं उलटं चालतं. मणी रंग धरायला लागले की मागे पडलेले हिरवे घड अख्खेच्या अख्खे कापून जमिनीवर टाकतात. मणी लहान ठेवायचा, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो, आणि मणी जितका मोठा तितकी रसाच्या मानाने साल कमी. खायचं द्राक्ष आपण १८ ब्रिक्स गोडीच्या आसपास तोडतो, हे २४-२५ पर्यंत थांबतात. त्याचं अल्कोहोल साडेचौदा टक्क्यांच्या घरात जातं. आम्ही गेलो तेव्हा एका बागेत वेलीवर घड होते आणि ओळींत टाकलेले घड वाळून काळे पडले होते. ते बघून तुमचा जीव तुटला असता.

नेब्बिओलो नावाची तिसरी जात आहे, इटलीत बारोलो नावाची वाईन तिचीच होते. ती लवकर फुटते आणि उशिरा पिकते, जागेच्या बाबतीत फार नखरेल. रंग बघून हलकी वाटते, पण घोट घेतला की कच्चं जांभूळ खाल्ल्यासारख्या हिरड्या आवळतात. दादाने तिच्या वाटेला जाऊच नये. झिन्फंडेल नावाची जातही बऱ्याच ठिकाणी इटालियन म्हणून पुढे करतात. डीएनए तपासणीत ती आणि इटलीची प्रिमितिवो एकच निघाली, पण मूळ क्रोएशियाचं आहे. वाईन छान असते, फक्त आंबटी शोधणाऱ्याने ती घेऊ नये.

पारख मला तरी अशी करता येते. घोट थुंकल्यावर जिभेखाली पाणी सुटलं तर आंबटी शाबूत आहे. व्हॅनिला आणि जळक्या लाकडाचाच वास पुढे आला तर नव्या ओक लाकडाच्या पिंपाचा वापर जास्त झालाय, मग आंबट चेरीचा स्वाद त्याखाली दबतो. म्हणून ओतणाऱ्याला दोनच गोष्टी विचारायच्या. नवं लाकूड किती, आणि अल्कोहोल किती. १५ च्या वर असेल तर आपल्या जेवणाबरोबर घेऊ नये, तिखटाबरोबर घशात जाळ होतो. मटणाच्या रश्शाशी बार्बेरा जमते, कारण तिला तुरटपणा नाही. लेबलवर जातीचं नाव असेल तर इथल्या कायद्याने त्या जातीची किमान ७५ टक्के द्राक्षं लागतात, बाकीचं काय मिसळलंय ते विचारायचं. मोठ्या बाटलीवर नुसतं ‘कियांती’ लिहिलेलं दिसलं तर इटलीतल्या त्या नावाच्या वाईनसारखी त्यात सांजोव्हेसे असेलच असं नाही. २००६ च्या आधीपासून चालत आलेल्या लेबलांना ते नाव वापरायची मुभा आहे. आणि विकत घेतलेल्या बंद बाटल्या उन्हात उभ्या गाडीत ठेवायच्या नाहीत, आतली वाईन तापून फुगते, बूच वर सरकतं, चव शिजल्यासारखी होते. आम्ही थर्माकोलचा खोका नेला होता.

दादा, तुला एवढं सगळं इथल्यापेक्षा जवळ बघायला मिळेल. अकलूजला फ्रातेल्ली वाइनरीच्या बागेत सांजोव्हेसे आहे, त्यांच्या सेत्ते नावाच्या लाल वाईनमध्ये ती कॅबरनेबरोबर असते. रोप लावण्याआधी तिथे जाऊन ये. आणि खरेदीचा करार लेखी हातात आल्याशिवाय एक खड्डाही खणू नकोस. बारीक मणी, आत बिया, वाइनरीने नाकारलं तर बाजारात कोणी घेणार नाही आणि बेदाण्यालाही उपयोग नाही. आपल्या बिनबियांच्या थॉमसन द्राक्षाचं तसं नाही, ती चार ठिकाणी खपते.

ऑक्टोबर छाटणीला मी नाही याची रुखरुख आहेच. बाबा, गुडघा दुखत असताना मांडवाखाली उभं राहू नका, छाटणीला दोन माणसं जास्त लावा, मजुरी मी पाठवते. या महिन्याचे ८०,००० बँकेत जमा झाले असतील. त्यातून सोसायटीचा हप्ता आधी भरा. मागच्या वेळी आईने त्यातले माझ्या नावाने सोन्यासाठी बाजूला काढले, तसं या वेळी नको. मी इथे हात आखडून राहत नाही, सहल चौघींनी खर्च वाटून केली होती.

दादाच्या लग्नाला मी नक्की येणार. रजा दहा दिवसांचीच मिळाली आहे, त्यामुळे साखरपुड्याला नाही जमणार. वहिनीला माझ्या वतीने साडी आईने पसंत करावी, रंग तिला विचारून. कस्टममध्ये दोन लिटरपर्यंत चालतं, तेव्हा दोन बाटल्या बार्बेरा आणते, एक दादाला आणि एक बाबांना नुसती चाखायला. थुंकायला लोटा ठेवू.

सांगलीच्या स्थळाचं आत्याने पुन्हा विचारलं. मुलगा चांगला असेल, मी नाही म्हणत नाही. पण मला बघायला यायचं ठरवण्याआधी त्याला एकदा फोनवर बोलू दे, आणि तो फोटो त्याच्या घरच्यांनीही पाहिला असेल तर आत्याने त्यांना हे पत्र वाचून दाखवलं तरी चालेल. लग्नाच्या धावपळीत माझा विषय काढू नका एवढंच. आई, तू रागावली असशील तर रविवारी फोनवर सरळ बोल, मी सकाळी लवकर उठून बसते.

तुमची,
लेक

ता. क. बाबांची रक्तदाबाची गोळी संपत आली असेल. दादा, महिन्याची एकदम आणून ठेव.