युद्धकैदी 'फरार' होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट आला की १९७१ च्या युद्धात पाकिस्तानच्या हाती लागून रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून निसटलेल्या भारतीय वैमानिकांवर मजकूर येतो आणि त्यात 'तुरुंग फोडून फरार' हे शब्द हटकून असतात. घरफोड्याला शोभणारे हे शब्द युद्धकैद्याला लावू नयेत, एवढ्यासाठी हे पत्र.

१२ ऑगस्ट १९७२ च्या मध्यरात्रीनंतर दिलीप परुळकर, मलविंदरसिंग गरेवाल आणि हरीश सिंहजी खोलीच्या भिंतीतल्या विटा काढून बाहेर पडले. अंगात पठाणी, जवळ भत्त्यातून साठवलेले पैसे. हा भत्ता म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. युद्धकैद्यांना कसे वागवावे हे ठरवणाऱ्या १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात मेजरच्या खालच्या अधिकाऱ्याला महिना ५० स्विस फ्रँक ठरवून दिलेले आहेत (कलम ६०).

पलायन फसले तर फक्त शिस्तभंगाची शिक्षा, तीही जास्तीत जास्त ३० दिवस. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तरी तेवढीच (कलम ९० आणि ९२). भिंत फोडणे, साधे कपडे घालणे, खोटे कागद वापरणे, फार काय, स्वतःच्या फायद्यासाठी नसलेली चोरीसुद्धा त्यातच बसते (कलम ९३). अट एकच, कुणाच्या जिवाला वा शरीराला इजा होता कामा नये. पहारेकऱ्याच्या डोक्यात वीट घातली की हे संरक्षण संपले.

शत्रूच्या ताब्यातला मुलूख ओलांडला की पलायन 'यशस्वी' ठरते. पुढे तोच सैनिक पुन्हा हाती लागला तरी आधीच्या पलायनाबद्दल त्याला शिक्षा करता येत नाही (कलम ९१). म्हणून तिघांचा रोख अफगाणिस्तानकडे होता. बसने पेशावर, तिथून जमरूद, मग लंडी कोतल. सरहद्द उरली होती जेमतेम ८ किलोमीटर. घात केला जुन्या नकाशाने. त्यात लंडी खाना हे रेल्वे स्थानक होते. प्रत्यक्षात ते १९३२ सालीच बंद पडलेले. चाळीस वर्षे गाडी न आलेल्या स्थानकाची वाट विचारणारे इथले नव्हेत, हे भर बाजारात उघड झाले आणि तहसील कचेरीतल्या एका कारकुनाने त्यांना हटकले.

खरा धोका त्यानंतरचा. साध्या कपड्यात सापडलेला माणूस युद्धकैदी आहे हे पटेपर्यंत तो हेरच समजला जातो, आणि टोळीवाल्यांच्या मुलखात तेवढा धीर कोण धरतो? छावणीचे आधीचे प्रमुख उस्मान हमीद तेव्हा पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी (त्यांच्या दिमतीचे अधिकारी) होते. त्यांना विचारा, असे तिघांनी सांगितले, म्हणून निभावले.

कायदा मोडल्याची बातमीच हवी असेल, तर कलम ११८ काढून पाहावे. लढाई थांबताच कैदी विनाविलंब सोडावेत, असे ते सांगते. लढाई थांबली १७ डिसेंबर १९७१ ला. हे वैमानिक वाघा ओलांडून आले १ डिसेंबर १९७२ ला. आणि हो, आपल्याकडच्या सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैद्यांची पाठवणी १९७४ च्या एप्रिलपर्यंत चालली होती, हेही त्याच बातमीत छापावे.

– एक वाचक, पुणे