मकरंदला, परवाच्या वादानंतर

चि. मकरंद,
अनेक आशीर्वाद.

परवा ताटावरून उठून गेलो, ते चुकलंच. आई म्हणते फोन कर. पण फोनवर तू नुसतं "हो बाबा, हो बाबा" करतोस आणि माझं सांगायचं राहून जातं. उपदेश करणार नाही. एवढंच, विधेयकांच्या मसुद्यांच्या या नव्या नोकरीत स्वतः न वाचता कुठलाही मसुदा पुढे पाठवू नकोस.

"बहुमत असलं की चर्चा म्हणजे नाटक," असं तू म्हणालास. बरंचसं खरं आहे. संसदीय पद्धतीत बहुमतातूनच सरकार उभं राहतं, तेव्हा निकाल बहुधा आधीच ठरलेला. (बहुधाच हं. १९७९ मध्ये ब्रिटनमधलं कॅलाहन यांचं सरकार ३११ विरुद्ध ३१० असं एका मतानं पडलं.) पण मी एकतीस वर्षं सभागृहात लघुलेखन केलं, ते काय निकाल टिपायला? त्याला एक ओळ पुरते.

एका दुपारी बाकं निम्मी रिकामी होती. विरोधी पक्षाचे एक म्हातारे सदस्य उठले आणि म्हणाले, "कलम सातमधल्या ‘इत्यादी’त कोण कोण येतं?" मंत्र्यांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. चिठ्ठी आली. मंत्र्यांनी ती वाचली, उलटून पाहिली. मागची बाजू कोरी. माझी पेन्सिल कागदावर टेकलेली आणि लिहायला काहीच नाही. हशा नोंदवतात, गोंधळ नोंदवतात, गप्प राहणं नोंदवत नाहीत. विधेयक समितीकडे गेलं, परत आलं तेव्हा ‘इत्यादी’ उडालं होतं. त्या दिवशी मतदान झालंच नव्हतं.

आता चिठ्ठी पाठवणाऱ्यांच्या बाकावर तू बसणार. भेटेल त्याला मी हे सांगत सुटलोय. आणि रात्री उठून बसतो. तुझ्याकडेही घाईघाईत कागद येतील, "उद्याच मांडायचंय" म्हणतील. वाचूनच पाठव रे. १९३३ मध्ये जर्मनीच्या संसदेनं कायदे करण्याचा आपला अधिकार एका दिवसात सरकारच्या हाती दिला, ४४४ विरुद्ध ९४. कम्युनिस्ट सदस्यांना तर मतदानाला येऊच दिलं नव्हतं. आणि हे सगळं रीतसर, मतं मोजून!

बघ, सुरू झालं माझं व्याख्यान. तुझ्या साध्या नोकरीला कुठे नेऊन ठेवलं मी! माफ कर. काकाच्या वेळीही असाच बोलत बसलो होतो आणि त्यानं वर्षभर पत्र टाकलं नाही. तू तसं करू नकोस.

लहानपणी माझ्या वहीतल्या वळणावळणाच्या रेघांना तू "बाबांच्या मुंग्या" म्हणायचास. ती वही आईनं ट्रंकेत ठेवलीय.

तुझं पहिलं विधेयक छापून, सभागृहात मांडून झालं की एक प्रत पाठव. आधी नको, ते नियमात बसत नाही. मी समासात पेन्सिलीनं खुणा करून परत पाठवीन. नको असतील तर खोडून टाक, पण वाचून खोड.

तुझा,
बाबा